निळं दार

“पोरी, कॅमेरा नुसता पाह्यते. दार नाही ठोकत,” शेजारच्या दीपमालाकाकू म्हणाल्या होत्या. रायपूरला, गुढियारीतल्या आईच्या घरात रीनानं कॅमेरा बसवून घेतला, त्या दिवशी. काकू रोज संध्याकाळी आईकडे डोकावून जायच्या. रीना हसली होती. “आता तुम्ही काहून त्रास घेता काकू? मी आयर्लंडातून पाहत राहीन ना.”

काकू त्यानंतर आल्या नाहीत.

“दोनशे वर्षं जुना पब आहे, पाहून तर घेऊ,” म्हणून नवऱ्यानं, अश्विननं आज तिला या आयरिश खेड्यात आणलं होतं. धुरानं काळी पडलेली लाकडं, कोपऱ्यात शेकोटी. मांडीवर लहानगी दीक्षा चिप्स चघळत होती. रीनाची नजर फोनवर. इथे साडेबारा, म्हणजे रायपूरला सहा. सहाला आई बुद्धांपुढे मेणबत्ती लावते आणि कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसून नातीला हात हलवून दाखवते. आज खुर्ची रिकामी होती. मेणबत्ती नव्हती. आईचा फोन चारदा वाजून थांबला होता.

“लाइट गेली असेल,” अश्विन म्हणाला.

“लाइट गेली असती तर कॅमेरा चालला असता का?”

“मग काकूंना लाव फोन.”

काकूंचा नंबर तिच्याकडे नव्हता. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेऊन ठेवतं?

काउंटरवर काळ्या बिअरचा एक ग्लास पाऊण भरून ठेवलेला होता. त्याच्यासमोरचं स्टूल रिकामं. पबवाल्या बाईनं घड्याळाकडे पाहिलं, मग सूप पीत बसलेल्या एका गिऱ्हाइकाकडे.

“पॅट बाराला येतो. आला नाही. जरा दार ठोकून ये.”

तो चमचा ठेवून उठला. का, कशाला, काही विचारलं नाही.

दहा मिनिटांत पॅट आला. ऐंशीचा म्हातारा, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. “बूट शोधत होतो. लगेच पुरायला माणूस पाठवलास?”

“खड्डा तयार आहे. उद्या ये,” बाई म्हणाली आणि तिनं ग्लास काठोकाठ भरला.

सगळे हसले, अश्विनसुद्धा. रीनानं खाली फोनकडे पाहिलं. आईची खुर्ची तशीच रिकामी होती.

तिनं रायपूरच्या मराठी लोकांचा ग्रुप उघडला. दोनदा लिहून खोडलं. मग लिहिलं:

“तुम्ही कोणी हे वाचून राहिले असाल तर जाऊन पाहा. गुढियारी, पाण्याच्या टाकीमागे, निळं दार. आई एकटी आहे. बाजूला दीपमालाकाकू राहतात, त्यांना सांगा, माझंच चुकलं. बेल बिघडलेली आहे. हातानं ठोका.”