धुक्यातली हाक

"तो माझा तिआमच आहे," असं म्हणत मिमिगेच कमरेइतक्या पाण्यात शिरली.

धुकं अजून समुद्रावरून उठलं नव्हतं. परक्यांचं थोरलं जहाज त्यातच कुठेतरी तरंगत असावं. दिसत होती ती त्यांची लहान होडी. होडीत सहा दाढीवाले, आणि मधोमध तिचा लेक, त्यांच्याच कपड्यांत. दोन उन्हाळ्यांपूर्वी असंच एक जहाज त्याला घेऊन गेलं होतं. आता तो हात पसरून बोलावत होता, "या, या! सुऱ्या आणल्यात, मणी आणलेत!"

काठावर तरुण मंडळी सौद्यासाठी काठ्यांना बीव्हरची कातडी टांगून उभी होती. पण पाऊल कुणी टाकेना. मेलेल्यानं हाक मारली तर ओ द्यायची नसते.

"मागं फिर, अक्का!" तिचा भाऊ प्लामू ओरडला. "त्याचं सुतक पाळलंय आपण. भूत आहे ते!"

"तुम्ही पाळलंत. मी कधी तोंडाला काजळी फासली होती का?"

ती चालत राहिली. दोन हिवाळे रोज स्वप्नात ती अशीच चालली होती, आणि रोज होडीपाशी पोहोचताच जाग यायची. आज जाग आली नाही. भेटीच्या रीतीप्रमाणे तिनं लेकाच्या दंडांवरून, छातीवरून हात फिरवले. तिच्या जिवात जीव आला.

"गरम आहेस रे! चल घरी."

तिआमनं वाकून तिला मिठी मारली. तिच्या केसांत तोंड लपवून तो पुटपुटला, "आई, हसत राहा. होडीत चढेल त्याला हे घेऊन जाणार. ओरडून सांगू नकोस. आपली बोली यांना कळते आता, मीच शिकवली. मी फोडलं हे कळलं, तर इथंच मारतील मला."

"मग टाक उडी!" ती त्याच्या कानात कुजबुजली.

"पाय बांधलाय, आई."

मागे पाणी खळबळलं. म्हातारी त्याला शिवली आणि तिला काही झालं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. लोखंडी सुरीपुढे भुताची भीती टिकणार तरी किती! पोरं हसत, एकमेकांना ढकलत होडीकडे निघाली होती. प्लामूचे दोघे मुलगे सगळ्यांत पुढे.

मिमिगेचनं लेकाचे हात सोडवले आणि वळून किंकाळी फोडली.

"पळा रे! बर्फासारखा गार आहे! मेलाय माझा तिआम!"