उघडल्याची वेळ

सेटिंगची ती एक ओळ लिहिता लिहिता करिष्माचा हात की-बोर्डवरच थांबला.

काम तसं किरकोळ. पोंभुर्ण्याच्या संस्थेतल्या लिनक्स कॉम्प्युटरला नवी एसएसडी डिस्क बसवली होती. कुणी फाइल नुसती उघडली, तरी कॉम्प्युटर उघडल्याची वेळ डिस्कवर लिहून ठेवतो. या फुकटच्या लिहिण्यानं डिस्क झिजते, म्हणून सेटिंगमध्ये 'नोएटाइम' टाकून ते बंद करायचं. त्याआधी जुन्या डिस्कवरच्या फाइली तारखांसकट आल्यात ना, एवढंच ती बघत होती. बुधरीबाईच्या साऱ्या रेकॉर्डिंगांपुढे उघडल्याची एकच तारीख होती: करिष्मानं त्या रेकॉर्डरमधून कॉम्प्युटरवर घेतल्या तो दिवस. त्यानंतर एकही फाइल कुणी उघडली नव्हती.

आणि उद्या वनहक्काची सुनावणी. गावाचं जंगल कुठून कुठवर, कुठल्या नाल्याला काय नाव, हे जाणणारी बुधरीबाई एकटीच उरली होती. माणसांपुढे ती बोलेना. "यंत्र ठेवून जा. एकटी असली का सांगन. पण धनराजभाऊनंच आयकावं," म्हणाली. संस्था धनराजभाऊंची, सुनावणीसाठीचा अहवालही तेच लिहिणार. भाऊ ऐकतील असा शब्द करिष्मानं दिला आणि स्वतः एकही फाइल ऐकली नाही.

मग दर बाजाराला म्हातारी विचारायची, "भाऊ कवा येते?"

"बाई, भाऊनं सगळं ऐकलं," करिष्मा सांगायची. म्हातारी नुसती हसायची. तिच्या दारातला लाल कोंबडा कुणी कितीही मागितला तरी ती देत नसे. "पाहुण्याचा हाय," म्हणायची.

धनराजभाऊ आत आले. छापून आलेला अहवाल त्यांनी टेबलावर ठेवला. 'बुधरीबाई सांगतात' म्हणून त्यात पानंच्या पानं होती.

"भाऊ, बाईच्या रेकॉर्डिंगा ऐकल्या ना तुम्ही?"

"म्हणजे काय! शब्दन् शब्द ऐकलो. काऊन विचारून राह्यली?"

पापणीसुद्धा लवली नाही त्यांची. करिष्माच्या अंगाची लाहीलाही झाली. या माणसाच्या भरवशावर तिनं म्हातारीला शब्द दिला होता, आणि वर्षभर तिच्याच तोंडून तो खोटं बोलवून घेत होता. तिनं पहिली फाइल उघडली आणि आवाज मोठा केला.

"धनराजभाऊ," बुधरीबाई बोलू लागली, "माझ्या हातचं खाल्ल्याबिगर मी कोणाले जंगल सांगत नाई. हे आयकलं का जेवाले ये. तुह्यासाठी कोंबडा राखला हाय. जेव, मंग सारं सांगतो."

धनराजभाऊंनी टेबलावरचा अहवाल स्वतःकडे ओढून घेतला. करिष्मानं दुसरी फाइल लावली, मग तिसरी, मग चौथी.

सगळ्या फाइलींत नुसता कोंबडा आरवत होता.