सुईएवढं भोक

सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून डॉक्टर मॅडमनी सुरेखाच्या बरगड्यांमधून सुई आत नेली आणि यकृतात साठलेला पू ओढून काढला. बाटली निम्मी भरली. सुरेखानं मोकळा श्वास घेतला आणि कूस चाचपली.

“टाके न्हाईत?”

“सुईएवढ्या भोकाला कसले टाके? पण तीन आठवडे ताप अंगावर काढलास. वडवणीहून बीडला यायला एवढा उशीर?”

सुरेखानं मशीनकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, “मॅडम, मशीन जरा खाली ओटीपोटावर फिरवा की.”

“तिथंही दुखतंय?”

“न्हाई. पोट दुखतंय म्हनून दवाखान्यात गेलेल्या आमच्या ऊसतोड टोळीतल्या चौघीजणी गर्भपिशवी काढूनच परत आल्या. माजी हाय का, बगू द्या.”

मॅडमनी मशीन खाली सरकवलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. “ही बघ. जागच्या जागी आहे.”

सुरेखा पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं दाराबाहेर बसलेल्या धाकट्या जावेला हाक मारली.

“शिवकन्ये, ये आत. तुजं बी पोट दुखतंय ते सांगून टाक. इथं दुखतंय तेवढंच काढत्यात.”