जेवणावरचा चहा

ताट संपायच्या आत गोदाक्कांनी सुनेपुढे कडक चहाचा कप आदळला. जेवणावर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि पोलाद कारखान्याला हवेतली लोखंडी धूळ रक्तात ओढून घ्यायला लोह कमी असलेल्याच बायका लागत.

“नको, सासूबाई,” कुमुद म्हणाली. “तपासणीचा रिपोर्ट आला. लोह धरायची क्षमता घटली. रक्तातल्या लोह वाहणाऱ्या रिकाम्या गाड्या भरल्या. मला कामावरून काढलं.”

“चोरून काय गिळलंस?”

“अळीव. तुम्ही देवळात गेलात की.”

“मग आता घर कोण चालवणार?”

कुमुदने कप त्यांच्याकडे सरकवला. “प्या. सोमवारी तुमची तपासणी आहे. तुमचं नाव देऊनच आलेय.”