टवका

होंडुरासच्या डोंगरात मळेवाल्या इलारिओच्या तक्रारीवरून निरीक्षक निकानोर कॉफी-व्यापाऱ्याचा काटा तपासायला आला. पाच किलोचं सरकारी वजन तो काट्यावर ठेवणार, तोच व्यापाऱ्याच्या गुंडानं ते हिसकावून त्याच्या कपाळात हाणलं. वजन फरशीवर आदळलं. तपासणी बघायला जमलेल्या मळेवाल्यांनी खवळून गुंडाला तुडवलं आणि रक्ताळलेलं वजन स्वतःच काट्यावर चढवलं.

“काटा शंभर ग्रॅम कमी दाखवतोय! घ्या लिहून, साहेब!” इलारिओ ओरडला.

निकानोरनं वजन पुसून फिरवून पाहिलं. कडेचा टवका उडाला होता.

“हे आता पाच किलो राहिलं नाही. याच्यावर मी कुणाला चोर ठरवणार नाही. सोमवारी दुसरं आणतो.”

“व्यापाऱ्यानं किती चारले रे तुला?” म्हणत इलारिओनंच पहिला दगड उचलला.