राणीच्या हातातली मशाल

पोपटरावांची बैलगाडी कवठे येमाईच्या जत्रेतून शिरूरकडे निघाली, तेव्हा उन्हं वर आली होती आणि वाद कधीचाच पेटला होता. वाद सरनोबतांच्या सिनेमांचा. त्यातला सगळ्यांत भारी कुठला?

सरनोबतांना स्वतःला कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा सिनेमा तंबूत लागला, की आसपासच्या गावांत चुली लवकर विझायच्या आणि गाड्या जुंपल्या जायच्या.

"'निशाणाचा हत्ती'च," पोपटराव कासरा सैल सोडत म्हणाले. "गेल्या साली पाह्यला. अजून डोळं मिटलं की छातीवरनं चालत जातो."

शेजारी बसलेल्या इसहाकनं नकारार्थी मान हलवली. रात्रीची 'भुईकोटाची राणी' त्याच्या अंगातून उतरली नव्हती. सगळा किल्ला अंधारात, माणसांनी हाय खाल्लेली, आणि ती एकटी बुरुजाच्या पायऱ्या चढते. मशाल उंच धरते. मग समोरच्या डोंगरावर एक ठिणगी, तिच्याशेजारी दुसरी, बघता बघता सगळा डोंगर जोंधळ्याच्या कणसासारखा दाण्यादाण्यानं उजळत जातो. तंबूत कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. इसहाकला वाटलं होतं, देवानं पहिल्यांदा उजेड केला तो असाच केला असेल.

"राणी चांगलीच हाय," मागे बसलेल्या झुंबरबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पर तिचा सरदार डावखुरा कशापायी घेतला?"

पोपटराव मोठ्यानं हसले. सरदाराची तलवार उजव्या हातात होती, असं ते शपथेवर सांगू लागले. झुंबरबाईही हटेनात. शेवटी इसहाकनं दोघांना गप्प केलं. जत्रेच्या तंबूत पुरुष पडद्याच्या पुढं बसायचे आणि बायका मागं. कापड एकच, पण मागून बघणाऱ्याला उजवं ते डावं दिसायचं. दर जत्रेनंतर घरोघर हे भांडण व्हायचंच.

"आसंल बया," झुंबरबाई म्हणाल्या. "पर मागनं काय कमी दिसतं व्हय? माझ्या शेजारी एक बाई हुती, सारा येळ पदर तोंडावर वढून बसलेली. राणी चढाया लागली तवा तिनं माझं मनगट आसं आवळलं, की बांगडी पिचली. बोलली काय न्हाई. नुसती रडत हुती."

एरवी इसहाक हसला असता. पण लांबून शिरूरच्या ख्रिस्ती देवळाचा घंटेचा मनोरा दिसू लागला होता. त्यानं दोघांना विनवलं, की तो सोबत होता हे गावात कुणाला कळू देऊ नका. पोपटरावांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला.

भीती दबोराबाईंची होती. त्या मिशनच्या बायबलबाई. खांद्याला पुस्तकांची पिशवी लावून गावोगाव बायकांना शास्त्र सांगत फिरायच्या. सिनेमाला त्या सैतानाचा कंदील म्हणत. ज्या पायांनी तंबूत गेलात, त्या पायांनी देवाच्या गायनात उभं राहायचं नाही, असा त्यांचा दंडक. गायनातला याकोब गेल्या साली सापडला. तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर ओठ मिटून बसायचा.

आणि इसहाक तर पायपेटी वाजवायचा. त्याच्या आईनं जाताना सांगितलं होतं, "मी गेले तरी पेटी गप बसू देऊ नको." भात्यावर पाय पडला आणि पहिला सूर निघाला, की त्याला आई शेजारी उभी असल्यासारखी वाटे. त्याचं दुसरं असं काही नव्हतंच.

दबोराबाईही जत्रेला गेल्या होत्या, दरसालसारख्या, बायकांना येशूच्या गोष्टी सांगायला. दिवेलागणीला त्या तिथल्या धुरपदा नावाच्या बाईच्या ओसरीवर बसतात, हे ठाऊक असल्यानं इसहाक ती आळी चुकवूनच तंबूत शिरला होता.

शनिवारी दुपारी देवळात ईस्टरच्या गाण्यांची तालीम होती. दबोराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. जत्रेत बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता.

"जत्रेच्या दिवशी कुठं होतास रे?" त्यांनी विचारलं.

"दौंडला. बहिणीकडं."

त्यांनी पेटीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "वाजव."

तेवढ्यात पोपटराव मोगऱ्याची टोपली घेऊन आले. ईस्टरची फुलं दरसाल त्यांच्याच मळ्यातली असत. टेकले, तशी जत्रेची गोष्ट निघाली. आपण आणि झुंबरबाई तंबूत गेलो होतो, हे त्यांनी बिनधास्त सांगितलं. ते काही ख्रिस्ती नव्हते, त्यांना कशाची बंदी?

"काय पाहिलंत?" दबोराबाईंनी विचारलं.

इसहाकच्या पायाखालचा भाता मंदावला.

"'भुईकोटाची राणी'. पर बाई, 'हत्ती'ची सर न्हाई त्येला." पोपटरावांनी इसहाककडे तिरपं बघितलं. शब्द ते मोडणार नव्हते, पण खोडी काढायला कुणाची ना होती? "ती बाई धापा टाकत बुरुजावर चढती, आन् भिऊन मशाल टाकून देती. ह्यात काय मोठंसं?"

इसहाकनं ओठ दाबून धरले. सूर चुकला. त्यानं पुन्हा धरला, पुन्हा चुकला. डोळ्यांपुढं तो डोंगर उजळत होता, आणि इथं कुणी तो फुंकर मारून विझवू बघत होतं.

"टाकली न्हाई तिनं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत धरली. उजव्या हातात. तेल मनगटावर वघळलं, तरी हात खाली आणला न्हाई."

पेटी थांबली. पोपटरावांनी मान खाली घातली आणि टोपलीतली फुलं उगाच सारखी करू लागले.

इसहाकनं भात्यावरून पाय काढले. आईनं पुसायची तसंच एकदा पेटीचं झाकण हातानं पुसलं, ते लावलं आणि उठून उभा राहिला. शेवटच्या बाकावर याकोबाशेजारी जागा रिकामी होती.

दबोराबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर देवळाच्या उंच भिंतीवर लागली होती आणि डोळे भरून आले होते. त्यांचा हात हळूहळू वर गेला, जणू बोटांत काही जळतं धरलं आहे.

"उजव्या नव्हे, इसहाक," त्या म्हणाल्या. "डाव्या."