श्लोकचं झबलं

बाळाला पहिलं झबलं जुनंच घालायचं, म्हणून मृण्मयीने बारशासाठी ताईकडून तिच्या लेकाचं, श्लोकचं मागवलं होतं. नाडी आणि ताप बघून बोलणारं. ताईने त्याचा आवाज बंद ठेवला होता. मृण्मयीने तो सुरू करून ते लेकीला घातलं, तर झबलं लगेच बोललं.

“पाच दिवस ताप. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सूज असू शकते. दवाखाना गाठा.”

लेकीच्या अंगात तर साधी कणकणही नव्हती. बारसं तसंच टाकून मृण्मयी दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी बाळाला दोनदा तपासलं.

“पोरगी ठणठणीत आहे हो.”

“मग हे असं का सांगतंय?” खरं कुणाचं मानावं, तिला कळेना.

डॉक्टरांनी झबलं उलटून पाहिलं. “आधीच्या नोंदी पुसल्या नाहीत का?”

“धुतलंय की.”

“धुऊन नोंदी जात नाहीत. हा ताप हिचा नाही. आधी कोण घालत होतं?”

मृण्मयीने स्पीकरवर ताईला फोन लावला. “श्लोकला ताप आहे का गं?”

“आज सहावा दिवस. दात येताहेत ना! ते झबलं उगाच कटकट करायचं. ओठ बघ, कसे लालचुटूक झालेत.”

डॉक्टरांनी फोन ओढूनच घेतला. “बाई, दात नाहीत ते. त्याला घेऊन आत्ता निघा, अजून वेळ गेलेली नाही.”